डिस्नी वर्ल्डला पहिल्यांदाच जाताय? राहायचं कुठे याबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि आत्तापर्यंत तीनदा ऑरलँडो करून आलोय. एकदा चार वर्षांची मुलगी आणि एक वर्षाचा मुलगा घेऊन, एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन आणि एकदा पुण्याहून आलेल्या नणंदेच्या फॅमिलीबरोबर. त्यामुळे आमच्या ग्रुपात मी आपोआप डिस्नीवाली ताई झालेय. दरवर्षी सप्टेंबर उजाडला की फोन सुरू होतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. तिकिटं, राइड्स वगैरे यात नाही, फक्त राहायचं कुठे एवढंच.

ताई, आधी हे सांग, डिस्नीलँड आणि डिस्नी वर्ल्ड एकच ना?

नाही हो. डिस्नीलँड कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला, १९५५ साली सुरू झालेलं. तिथे दोन पार्क समोरासमोर आहेत आणि हार्बर बुलेव्हार्डवरच्या साध्या मोटेलमधून पण चालत दहा-पंधरा मिनिटांत गेटवर पोचता येतं, त्यामुळे तिथे राहण्याचा फार विचार करायची गरजच नाही. डिस्नी वर्ल्ड फ्लोरिडात, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, आणि तो वेगळाच पसारा आहे. चार मोठे पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम), दोन वॉटर पार्क, वीसेक हॉटेलं, मधे जंगल आणि तळी. बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे ना, जवळपास तेवढी ही जागा. म्हणून 'डिस्नीजवळ हॉटेल' या शब्दाला तिथे काहीच अर्थ नाही. कुठल्या पार्कच्या जवळ, आणि जवळ म्हणजे गेटच्या जवळ की नुसतं हद्दीच्या जवळ, हे विचारायचं.

आत राहायचं की बाहेर?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि मी उलट विचारते, तुमची मुलं दुपारी झोपतात का?

हसू नका, खरंच. पहिल्यांदा जाणारे सगळे धरून चालतात की सकाळी नऊला आत शिरायचं आणि रात्री फटाके बघूनच बाहेर पडायचं. मोठ्या मुलांबरोबर होतं पण तसं. चार वर्षांच्या पोरीबरोबर दुपारी दीड वाजता काय होतं ते मी बघितलंय. ऊन, दमट हवा, वीस हजार पावलं, पोटात फक्त फ्राइज आणि आइस्क्रीम, आणि मग डम्बोच्या लायनीत असा भोकाड पसरते की आजूबाजूची लोकं कीव येऊन बघतात. त्या वेळी अर्ध्या तासात खोलीवर पोचून, एसी लावून, दोन तास झोपवून, पूलमध्ये डुंबवून संध्याकाळी सहाला परत आणता आलं तर तुमची ट्रिप वाचली. नाही आणता आलं तर तुम्ही आणि नवरा रात्री आठ वाजता गाडीत एकमेकांशी बोलत नसता.

तर माझ्या दृष्टीने राहायची जागा निवडताना बघायचं हेच, की दुपारी पार्कातून उठून खोलीत पडेपर्यंत किती वेळ लागतो. डिस्नीच्या आतल्या हॉटेलात हे जमतं. बाहेरून ते जमतं पण आणि नाही पण, आणि त्यातल्या त्यात मॅजिक किंगडमला तर नाहीच, कारण त्याचं पार्किंग पार्कला लागून नाहीये. गाडी लावायची ती तलावाच्या या काठावर, ट्रान्सपोर्टेशन सेंटरला, आणि तिथून पुढे मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने पलीकडे जायचं. म्हणजे परत येताना आधी बोट, मग पार्किंगमध्ये गाडी शोधा, मग हायवे. हॉटेलच्या बसेस मात्र थेट गेटपाशी सोडतात आणि तिथूनच उचलतात. हा फरक नकाशात दिसत नाही.

आत राहणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी मिळतात. रोज कुठल्याही पार्कात बाकीच्यांच्या अर्धा तास आधी सोडतात, आणि ती पहिली तीस मिनिटं म्हणजे सोनं आहे, पीटर पॅनसारख्या राइडला नंतर तासभर उभं राहायला लागतं ती त्या वेळात चटकन होऊन जाते. आणि लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोट्या लायनीतून जायची सोय, तिचं बुकिंग आतल्यांना ७ दिवस आधी उघडतं, बाहेरच्यांना ३ दिवस आधी. ७ दिवस आधीवाले चांगल्या चांगल्या वेळा घेऊन मोकळे झालेले असतात.

पण बाहेरची हॉटेलं तर अर्ध्या किमतीत दिसतायत!

दिसतात. शेवटच्या पेजपर्यंत जाऊन बघा. मी एकदा वही घेऊन बसले होते. धरून चालू की डिस्नीच्या बाहेर, किसिमी गावातलं हॉटेल ११० डॉलर रात्रीला आहे. त्यावर रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेल वरून रोजचे लावतं ते पैसे, ३०, झाले १४०. ऑसिओला काउंटीचा टॅक्स साडेतेरा टक्के, म्हणजे १५९ च्या आसपास. हॉटेलचं पार्किंग १५. पार्कचं पार्किंग रोजचं ३० च्या घरात. झाले की दोनशेच्या वर, आणि रेंटल कार अजून धरलीच नाही. आतलं साधं हॉटेल १९० ला मिळालं तर साडेबारा टक्के टॅक्स लावून २१४ होतात, रिसॉर्ट फी नाही, हॉटेलचं पार्किंग फुकट (२०२३ च्या जानेवारीपासून परत फुकट केलंय), पार्कचं पार्किंग पण फुकट, आणि गाडी नसली तरी बसेस आहेतच.

म्हणजे बाहेर राहू नकाच असं नाही. फुकट ब्रेकफास्ट देणारी, रिसॉर्ट फी न लावणारी चांगली सूट हॉटेलं बाहेर आहेत आणि ज्यांच्याकडे पॉइंट्स साठलेत त्यांनी खुशाल वापरावेत. फक्त पहिला आकडा बघून उड्या मारू नका.

हॉटेलची फ्री शटल आहे असं लिहिलंय, मग गाडी कशाला?

आमची पहिली ट्रिप. 'डिस्नीपासून १५ मिनिटं, फ्री शटल' असं वाचून हॉटेल घेतलं, नाव सांगत नाही. शटल होती, खोटं कशाला बोलू, पण सकाळी एकदा आणि रात्री एकदा. आणि ती तीन हॉटेलं फिरत फिरत जायची. दुपारी मुलगी तापली तेव्हा परत जायला काहीच नव्हतं, शेवटी उबर केली, कार सीट नाही, धाकट्याला मांडीवर घेऊन बसू देईना ड्रायव्हर, आणि बरोबरच होतं त्याचं. नवरा एकटा हॉटेलवर जाऊन सीट घेऊन परत आला. दीड तास. तो दीड तास मी गेटबाहेरच्या बाकावर दोन पोरं घेऊन बसले होते. शटलचं वेळापत्रक आधी फोन करून विचारा, दिवसातून किती वेळा आणि कुठे सोडते ते. एवढंच.

व्हॅल्यू, मॉडरेट, डीलक्स, काय भानगड आहे ही?

डिस्नीने आपल्या हॉटेलांच्या केलेल्या जाती आहेत.

व्हॅल्यू म्हणजे ऑल-स्टारची तीन (मूव्हीज, म्युझिक, स्पोर्ट्स), पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. खोल्या लहान, बाहेरून तीन-चार मजली उंच पुतळे, रंगांचा भडिमार, फूड कोर्टात जत्रा. मोठ्यांना जरा डोळ्यात खुपतं पण पोरांना हेच आवडतं, आमची मुलगी अजून त्या पुतळ्यांबद्दल बोलते, मॅजिक किंगडममधल्या किल्ल्याबद्दल नाही. भाव सीझनप्रमाणे साधारण दीडशेपासून तीनशेपर्यंत फिरतो, ख्रिसमसला त्याच्याही वर.

मॉडरेट म्हणजे कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज, पोर्ट ऑर्लिन्सची दोन. बाग छान, पूलला घसरगुंडी, खोल्या जरा मोठ्या. पण पहिल्या ट्रिपला मला हा मधला प्रकार पटत नाही. पैसे जास्त देऊन तुम्ही बहुतेक ठिकाणी बसवरच अवलंबून, आणि कॅरिबियन बीचसारखी जागा इतकी पसरलीय की बस आतल्या आतच चार-पाच थांबे घेते. कॅरिबियन बीचला स्कायलायनर, म्हणजे डिस्नीचा रोपवे, आहे म्हणून ते त्यातल्या त्यात बरं. पोर्ट ऑर्लिन्सचं फ्रेंच क्वार्टर छोटंसं आणि शांत आहे, नवरा-बायको दोघंच असाल तर छान.

डीलक्स म्हणजे बरीचशी पार्कला चिकटलेली हॉटेलं. कंटेम्पररीमधून मॅजिक किंगडमला चालत दहा मिनिटं. ग्रँड फ्लोरिडियनहून पण आता चालायचा रस्ता झालाय. बीच क्लब, यॉट क्लब, बोर्डवॉक इथून एपकॉटच्या मागच्या गेटला आणि हॉलिवूड स्टुडिओजला चालत जाता येतं. किमती? मॅजिक किंगडमजवळची सहाशेच्या पुढेच धरा. तेवढे देऊन खोलीत फक्त झोपायचं असेल तर मला तरी झोप लागणार नाही.

स्कायलायनर म्हणजे तो रोपवे ना? त्यासाठी हॉटेल निवडावं का?

हो, निवडावं. रोपवेच तो, सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही दोन हॉटेलं एका तळ्याच्या दोन बाजूंना आहेत आणि मधल्या पुलावर दोघांचं मिळून एक स्टेशन. तिथून निघून कॅरिबियन बीचला बदलायचं आणि मग एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओज. पाळणे येतच राहतात, वाट बघावी लागत नाही, आणि पोरांना ती राइडच वाटते, तीही लायनीशिवाय. एवढ्या कमी भावात बसशिवाय दोन पार्क मिळणं दुसरीकडे नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडमला ते जात नाही, तिथे बसच. आणि वीज चमकली की बंद. फ्लोरिडात उन्हाळ्यात रोज दुपारी तीन-चारच्या सुमाराला आभाळ फाटतं, गडगडाट होतो, तासाभरात परत ऊन. त्या तासात रोपवे बंद आणि हॉटेलचा पूल पण बंद. त्यामुळे जून ते सप्टेंबर जाणार असाल तर दुपारी एकलाच पार्कातून निघा, तीनची वाट बघू नका. पाळण्यात एसी नाही, वारा येतो, चालू असेपर्यंत गरम होत नाही.

एकदाच जाणार आहोत आयुष्यात, मोनोरेलवाल्या हॉटेलात राहावं असं मुलगी म्हणतेय.

मोनोरेलमध्ये बसायला तिथे राहायला लागत नाही. कोणीही चढा, त्यातल्या पॉलिनेशियन हॉटेलला उतरा, तिथल्या वाळूवर बसा, रात्री तलावापलीकडे किल्ल्यावरचे फटाके दिसतात. आम्ही तसंच केलं. बरोबर डब्यात दडपे पोहे होते.

तरीही राहायचंच असेल तर चार रात्री स्वस्तात काढा आणि ज्या दिवशी मॅजिक किंगडम आहे त्याच्या आदल्या रात्री तिथे शिफ्ट व्हा. सामान एका डिस्नी हॉटेलातून दुसऱ्यात तेच नेऊन देतात. पण पोरं लहान असतील तर बॅगा परत भरणं हा एक वेगळा वैताग, तो धरून ठरवा.

वहिनी, सासू-सासरे आलेत भारतातून, त्यांना पण न्यायचंय. सहा जणं. काय करू?

दोन बाथरूम. बाकी सगळं नंतर.

सकाळी साडेसातला निघायचं असतं, सहा माणसं, आणि त्यातल्या दोघांना आंघोळ, देवाला नमस्कार, चहा झाल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. एका बाथरूमात हे बसत नाही. आम्ही आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा फॅमिली सूट घेतला होता, त्यात सहा जणं झोपतात, दोन बाथरूम, मधे दार असलेली बेडरूम, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. असेच सूट ऑल-स्टार म्युझिकमध्ये पण आहेत, जरा स्वस्त, पण तिथे रोपवे नाही. दोन साध्या खोल्या घेतल्या तर कधी कधी सूटपेक्षा स्वस्त पडतात, फक्त मधून दार असलेल्या हव्यात हे फोन करून सांगा आणि तरी मिळतीलच असं नाही हे मनाशी धरा. वेगवेगळ्या मजल्यावर आई-बाबांची खोली आली तर रात्री टीव्हीचा रिमोट चालत नाही म्हणून तुम्हीच तीनदा खालीवर करणार.

खोली लॉबीपासून किती लांब ते पण बघा. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधल्या लिटल मर्मेडच्या खोल्या सगळ्यात स्वस्त आहेत कारण त्या सगळ्यात मागे आहेत. तरुण माणसाला काही नाही, गुडघे दुखणाऱ्याला रात्री दहा वाजता ते अंतर म्हणजे पर्वती.

व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते. बाबा, म्हणजे माझे सासरे, पहिल्या दिवशी म्हणाले, "मी काय म्हातारा झालोय का?" दुसऱ्या दिवशी अकरा वाजता स्वतःच म्हणाले, ती खुर्ची कुठे मिळते म्हणालीस? तिसऱ्या दिवशी खुर्चीवर नातू आणि बाबा दोघं.

जेवणाचं काय? आमच्याकडे सगळे शाकाहारी, आणि रोज पिझ्झा चालत नाही.

पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. काच आणि दारू सोडून बाकी चालतं. थेपले, पोळीचे रोल, चिवडा, लाडू सगळं आत जातं, सिक्युरिटीवाला बॅग उघडून बघतो आणि सोडतो. मेनूवर पानाचं चिन्ह असेल तर ते पूर्ण वनस्पतींपासूनचं, दूध-अंडंही नाही, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही. पण आपलं पोट चौथ्या दिवशी वरण-भात मागतंच.

हॉटेलच्या साध्या खोलीत कुकर आणि इंडक्शन काढू नका. तिथे शिजवायला परवानगी नसते, आणि फोडणीने फायर अलार्म वाजला तर पूर्ण मजला नाइट ड्रेसमध्ये खाली. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत फ्रिज असतो पण मायक्रोवेव्ह नाही, तो फूड कोर्टात जाऊन वापरायचा. रेडी-टू-ईट पाकिटं आणि तयार भाताच्या पिशव्या यावर आमचं निभलं. खरं किचन हवं असेल तर फोर्ट विल्डर्नेसच्या केबिन आहेत, २०२४ मध्ये नव्या बांधल्यात, आत पूर्ण स्वयंपाकघर आणि सहा जणांची सोय, डिस्नीच्या हद्दीत. किंमत मात्र डीलक्सच्या जवळ जाते. नाहीतर बाहेरचं घर.

एक दिवस अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सना हे रेस्टॉरंट करा. नान, पराठ्यासारख्या पाच प्रकारच्या ब्रेड आणि नऊ चटण्या-लोणची-रायती मिळतात. सासूबाईंनी चार दिवसांत पहिल्यांदा बोटं चाटली.

तीन फॅमिली मिळून घर घेतलं तर?

किसिमी, डॅव्हनपोर्ट, चॅम्पियन्सगेट या भागात पाच-सहा बेडरूमची घरं भरपूर आहेत, स्वतःचा जाळीतला पूल, वॉशिंग मशीन, पोरांच्या खोलीत भिंतीवर मिकी. दहा-बारा जणांत वाटलं तर डोक्यामागे खूपच स्वस्त, आणि रात्री मोठ्यांना पत्ते खेळत बसता येतं, जे हॉटेलात होत नाही. नणंदेबरोबर गेलो तेव्हा आम्ही हेच केलं आणि मजा आली.

आता दुसरी बाजू. दुपारच्या झोपेचं विसरा. डॅव्हनपोर्टहून आय-फोर हायवेने यायचं म्हणजे मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, नाहीतर पाऊण तास, आणि तो मोकळा असतो पहाटे. किमतीत क्लीनिंग फी धरा, हिवाळ्यात पूल गरम करायचे रोजचे वेगळे पैसे घेतात ते धरा. लहान मुलं असतील तर पूलकडे उघडणाऱ्या दाराला अलार्म आहे का ते विचारा आणि तो बंद करून ठेवू नका. नुसतं कटकट नको म्हणून लोकं बंद करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोळ्या कोण करणार ते एडिसनमध्येच ठरवून निघा. किचन आहे म्हटल्यावर आपोआप तीन बायका सकाळी सहाला ओट्याशी आणि पुरुष सोफ्यावर, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवसापासून ब्रेकफास्ट पुरुषांकडे. ब्रेड ऑम्लेटच होतं रोज, पण होतं.

आम्ही पाच आहोत, एका खोलीत चालेल ना? धाकटी तर इतकीशी आहे.

इतकीशी म्हणजे किती? तीन वर्षांच्या आतलं एक बाळ खोलीच्या संख्येत धरत नाहीत, त्यांची क्रिब पण मिळते, आणि पार्कचं तिकीट पण लागत नाही. तीन पूर्ण झाली की ती माणूस. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चारच. पाच जणांना मॉडरेटमध्ये पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडला काही खोल्या आहेत, पाचवा पलंग बारका, लहान मुलापुरता. 'आपण सांगायचंच नाही' हा आपला नेहमीचा उपाय तिथे नका करू, तिकिटं आणि खोली एकाच अ‍ॅपवर जोडलेली असतात.

युनिव्हर्सल पण करायचंय, एकाच हॉटेलातून होईल का?

होईल, पण मोठी मुलं असतील तर दोन हॉटेलं करा. युनिव्हर्सल म्हणजे ऑरलँडोतलीच दुसऱ्या कंपनीची पार्कं. डिस्नी ते युनिव्हर्सल साधारण अर्धा तास गाडीने, तोही ट्रॅफिक नसताना. युनिव्हर्सलची पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक ही तीन हॉटेलं महाग आहेत पण त्यांच्या खोलीबरोबर सगळ्यांना जुन्या दोन पार्कांचा एक्सप्रेस पास, म्हणजे छोट्या लायनीतून जायचा पास, मिळतो. चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या दोन्ही दिवशी चालतो, म्हणजे एका रात्रीत दोन दिवसांचे पास. चार जणांचे पास वेगळे विकत घ्यायला गेलात तर खोलीपेक्षा जास्त होतात कधी कधी. हिशोब करून बघा, आम्हाला तिथे महाग हॉटेल स्वस्त पडलं. नवीन एपिक युनिव्हर्स, २२ मे २०२५ ला उघडलेलं, त्याला हा पास चालत नाही, आणि ते जुन्या पार्कांपासून काही मैल लांब आहे. बजेट कमी असेल तर त्यांची एंडलेस समरची दोन हॉटेलं आहेत, सूटमध्ये सहा जणं आणि छोटं किचनेट.

सगळी मुलं सात-आठच्या आत असतील तर माझं ऐका आणि युनिव्हर्सल पुढच्या वेळी. निम्म्या राइडला उंचीत बसत नाहीत, मग एक पालक बाहेर रडणाऱ्याला घेऊन.

भारतातून थेट ऑरलँडोला येणार आहोत, पहिल्या रात्रीपासून डिस्नीत घ्यावं का?

रात्री उशिरा उतरत असाल तर नको. टर्मिनलच्या आतच एक हॉटेल आहे, नाहीतर एअरपोर्टजवळ स्वस्तात झोपा आणि सकाळी सामान घेऊन डिस्नीत जा. खोली तीनला मिळते पण सामान ठेवून पूल वगैरे वापरता येतो. पूर्वी एअरपोर्टवरून डिस्नीची फुकट बस होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, आता शटलला पैसे पडतात.

जेट लॅगचा एक फायदा सांगते. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो, पोरं पहाटे तीनला टक्क जागी. ओरडू नका, आंघोळी उरका आणि अर्धा तास लवकरच्या एंट्रीला सगळ्यात पुढे उभे राहा. नणंदेची पोरं दोन दिवस पहिल्या नंबरला होती. अर्थात संध्याकाळी सहाला ताटात डोकं घालून झोपली.

बुकिंग कधी करायचं, आणि रद्द करावं लागलं तर?

जर्सीकरांनो, नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते तेव्हा जाऊ नका, निदान ती शांत असेल असं समजून तरी जाऊ नका. तिथे त्या आठवड्याला 'जर्सी वीक'च म्हणतात. लायनीत मागे वळून बघितलं तर एडिसनचीच शेजारीण उभी. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस ते न्यू इयर आणि स्प्रिंग ब्रेकला भाव आणि गर्दी दोन्ही डोक्यावर. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर स्वस्त, पण उकाडा आणि चक्रीवादळाचा सीझन (१ जून ते ३० नोव्हेंबर).

फॅमिली सूट सहा-आठ महिने आधी बघा, ते आधी संपतात. फक्त खोली डिस्नीकडून घेतली तर एका रात्रीचे पैसे भरायचे आणि साधारण आठवडाभर आधीपर्यंत रद्द करता येते. खोली आणि तिकीट एकत्र पॅकेज घेतलं तर तीस दिवस आधीपर्यंत सुटका, नंतर कापतात. म्हणून आई-बाबांच्या व्हिसाचं नक्की नसेल तर पॅकेज घेऊ नका, खोलीच घ्या. आणि बुक करून विसरू नका, मधे मधे डिस्काउंट निघतो, तो आपोआप लागत नाही, फोन करून मागायचा.

खोलीतून काय दिसतं याचे जास्त पैसे द्यावेत का?

पूल, तळं, बाग, यासाठी अजिबात नाही. पडदा उघडायला वेळच नसतो.

एकच अपवाद, अ‍ॅनिमल किंगडम लॉजची सवाना बघणारी खोली. हॉटेल बाकी सगळ्या पार्कांपासून लांब, बसशिवाय पर्याय नाही, मुक्काम तिथे करा असं मी म्हणणार नाही. पण आई-बाबांबरोबर गेलो होतो तेव्हा शेवटची एक रात्र तिथे घेतली, पार्कचं तिकीट नसलेल्या दिवशी. सकाळी उठून बाल्कनीत गेलो तर खाली जिराफ, झेब्रे आणि अंकोले जातीचे बैल, एवढी हातभर जाड शिंगं. पोरं जिराफ जिराफ करत नाचत होती. बाबा साताऱ्याचे, लहानपण खिलार बैलांमागे गेलेलं. ते चहाचा कप धरून पाऊण तास त्या एकाच बैलाकडे बघत बसले आणि मग मला म्हणाले, "सूनबाई, याच्या मानेवर जू ठेवत असतील कसं गं?"